जुनी दगडी विहीर पुन्हा वापरात आणताना : नागपूरच्या वस्त्यांसाठी कामाचा क्रम

महाल, इतवारी, सक्करदरा, तेलंगखेडी अशा जुन्या भागांत दगडी विहिरी अजून सापडतात. काही देवळाच्या आवारात, काही वाड्याच्या मागच्या अंगणात, काही रस्ता रुंदीकरणातून कशाबशा वाचलेल्या. अंबाझरीचं, मग कन्हानचं आणि पेंचचं पाणी नळाने घरात आलं तशा त्या मागे पडल्या. आधी रहाट गेला, मग काठावर जाळी आली, मग जाळीच्या फटीतून निर्माल्य पडू लागलं. अशी एखादी विहीर वस्तीने मिळून चालू करायची असेल तर काय, कोणत्या क्रमाने आणि किती करायचं, ते इथे दिलं आहे. आकडे ६ मीटर व्यासाच्या आणि १२ मीटर खोल विहिरीचे धरले आहेत, ज्यात वरचे ८ मीटर बांधीव आणि खालचे ४ मीटर कातळ आहे. तुमच्या मापाने ते बदलून घ्या.

सगळ्या कामाचा पाया एकच आहे. टाकीची भिंत गळू नये म्हणून बांधतात. विहिरीची भिंत गळलीच पाहिजे. मुरमातून आणि कातळाच्या भेगांतून येणारं पाणी दगडांच्या सांध्यांतून आत झिरपतं, म्हणून विहीर भरते आणि म्हणूनच भिंत उभी राहते. हे न कळता केलेली दुरुस्ती विहिरीला दहा वर्षांच्या कचऱ्यापेक्षा जास्त महागात पडते.

पाणी कशासाठी, हे आधी ठरवा

पिण्यासाठी विहीर चालू करायची, असा ठराव पहिल्या बैठकीत हमखास होतो. तो करू नका. दाट वस्तीतल्या उथळ विहिरीच्या आजूबाजूला पन्नास-शंभर वर्षांच्या गटारवाहिन्या आणि सेप्टिक टाक्या असतात. बाग, रस्त्याकडेची झाडं, देवळाची धुलाई, बांधकाम, शौचालयातलं फ्लशिंग, उन्हाळ्यात कूलर एवढ्या वापराने वस्तीचं नळाचं पाणी भरपूर वाचतं. मेमध्ये नागपुरात एक कूलर दिवसाला किती पाणी पितो, ते कुणाला सांगायला नको. दोन पावसाळ्यांचे तपासणी अहवाल हातात आले की मग पिण्याचा विचार करा.

मालकी आणि परवानग्या

नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका काढा. जमीन शेतीची असेल तर सातबाराच्या इतर हक्कांत विहिरीची नोंद आणि हिस्सेदार पाहा. विहीर सार्वजनिक असेल तर महापालिकेच्या संबंधित झोन कार्यालयाकडे लेखी अर्ज द्या आणि आवक क्रमांक घ्या. खासगी असेल तर मालकाशी लेखी करार करा. पाणी कोण वापरणार, वीजबिल कोण भरणार, जागा विकली गेली तर काय, हे तीन मुद्दे त्यात नसतील तर तो करार कामाचा नाही.

विहीर वारसा यादीत असेल तर वारसा संवर्धन समितीची मंजुरी लागते. केंद्र संरक्षित स्मारकापासून १०० मीटरचा पट्टा प्रतिबंधित आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित असतात. तिथे दुरुस्तीलाही आधी परवानगी घ्यावी लागते. भिंतीत वाढलेला पिंपळ किंवा वड तोडायचा तर उद्यान विभागाची वेगळी परवानगी. ही कागदपत्रं पावसाळ्यातच मार्गी लावा, कारण काम करायचा मोसम छोटा आहे.

वर स्लॅब असेल तर

३० मार्च २०२३ ला, रामनवमीच्या दिवशी, इंदूरच्या एका मंदिरात जुन्या विहिरीवर टाकलेला स्लॅब हवनाला जमलेल्या भाविकांसह कोसळला आणि ३६ माणसं गेली. आपल्याकडेही देवळाच्या मंडपाखाली, पार्किंगखाली, दुकानाच्या ओट्याखाली अशा झाकलेल्या विहिरी आहेत. खालून सतत ओल लागत असल्यामुळे सळया गंजतात, फुगतात आणि काँक्रीट फोडतात. वरून फरशी चकचकीत असते, त्यामुळे काहीच कळत नाही.

अशा स्लॅबवर उभं राहून पाहणी करू नका. आधी वर्दळ बंद करा आणि विहिरीच्या काठाबाहेर किमान २ मीटरवर कठडे लावा. स्लॅब तोडायची योजना स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच करून घ्या. तुकडे कापून क्रेनने बाहेर उचलायचे असतात. ब्रेकर लावून मलबा आत पाडला तर खालचे आरे (भिंतीत सोडलेल्या खोलगट जागा) आणि पायऱ्या फुटतात. गाळ काढण्याचं काम वाढतं ते वेगळंच.

हात लावण्याआधी मोजा

काठावर आठ दिशांना खुणा करा. प्रत्येक खुणेवरून ओळंबा सोडा आणि दर ५० सेंटीमीटरवर दोरी आणि भिंत यांतलं अंतर लिहा. हा तक्ता कागदावर मांडला की भिंत कुठे पोटात आली आहे ते लगेच दिसतं. डोळ्यांनी वरून पाहून फुगवटा कळत नाही.

तडे दिसले तर त्यांवर आडव्या पीओपीच्या पातळ पट्ट्या लावून तारीख लिहा. पट्टी फुटली म्हणजे भिंत अजून हलते आहे. या पट्ट्या किमान एक पावसाळा तरी पाहायला हव्यात. ठरावीक जागांवरून फोटो काढा आणि पायऱ्या, आरे, कोनाडे, कोरीव दगड, शिलालेख यांचा नकाशा करा. शिलालेखाला तेल, रंग, खडू काही लावू नका. तिरप्या उजेडात काढलेला फोटो पुरतो.

वजन बांधलेल्या टेपने पाण्याची पातळी आणि गाळाचा माथा मोजा. मूळ तळ किती खोल होता हे जुने रहिवासी सांगतात, पण त्यात फुटा-दोन फुटांचा फरक धरा. गाळाचा हिशोब असा: ४ मीटर गाळ म्हणजे ३.१४ × ३ × ३ × ४ = ११३ घनमीटर. बाहेर काढल्यावर तो सुटा होऊन सुमारे सव्वापट भरतो, म्हणजे १४० घनमीटर. ३ घनमीटरच्या ट्रॉलीने ४७ फेऱ्या. हा आकडा आधी नसेल तर गाळ टाकायला जागा नाही म्हणून काम तिसऱ्या दिवशी अडतं, आणि काठावर साचलेल्या ढिगाचं वजन भिंतीवर येतं.

मोसम

पाणी सगळ्यात खाली एप्रिल-मेमध्ये असतं, म्हणून उपसा, गाळ आणि खालच्या भिंतीची दुरुस्ती तेव्हाच. चुन्याला मात्र नागपूरचा मे मानवत नाही. ४५ अंशांच्या कोरड्या हवेत दरजा (दगडांमधले सांधे) सकाळी भरल्या तर दुपारपर्यंत भुगा होतात. म्हणून खालचं, सावलीतलं चुनाकाम मेमध्ये पहाटे करा आणि वरचे ४-५ मीटर, पायऱ्या, कठडा हे नोव्हेंबर ते फेब्रुवारीत घ्या. एका उन्हाळ्यात सगळं उरकायचा हट्ट केला की चुन्याच्या जागी सिमेंट येतं, हे ठरलेलं.

जून उजाडला की आत कुणी नको. मोसमी पाऊस साधारण जूनच्या मध्याला येतो, पण वळवाची एक जोरदार सरही उपसलेल्या विहिरीत भिंतीमागची माती भिजवायला पुरते.

आत उतरण्याचे नियम

जुन्या विहिरीत पडण्याचाच नाही, गुदमरण्याचाही धोका असतो. कुजणाऱ्या निर्माल्यातून कार्बन डायऑक्साइड, मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड निघतो. दिवा किंवा मेणबत्ती सोडून पाहण्याची जुनी पद्धत अपुरी आहे: विषारी वायूत दिवा जळत राहू शकतो, आणि मिथेन असेल तर तोच दिवा भडका उडवतो.

चार वायूंचा मीटर भाड्याने मिळतो. तो दोरीने खाली सोडून वर, मध्ये आणि गाळाच्या माथ्यावर अशा तीन पातळ्यांवर वाचन घ्या. ऑक्सिजन १९.५ ते २३.५ टक्के, हायड्रोजन सल्फाइड १० पीपीएमच्या खाली, ज्वालाग्राही वायू स्फोटमर्यादेच्या १० टक्क्यांखाली. यातलं एकही बसत नसेल तर उतरायचं नाही. हे मीटर सहसा कार्बन डायऑक्साइड मोजत नाहीत, तो ऑक्सिजन घटल्यावरून ओळखावा लागतो. म्हणून २०.९ च्या जागी २०.१ दिसलं तरी मर्यादेत आहे म्हणून सोडून देऊ नका, कारण शोधा. ब्लोअरचा पाइप तळापासून मीटरभर वर ठेवून अर्धा तास हवा द्या, पुन्हा मोजा, आणि काम चालू असेपर्यंत ब्लोअर बंद करू नका. गाळ ढवळला की अडकलेला वायू सुटतो, त्यामुळे सकाळचं वाचन दुपारी चालत नाही.

डिझेल किंवा पेट्रोलचा पंप पायऱ्यांवर, आऱ्यात किंवा काठाला चिकटून चालवू नका. त्याचा धूर खाली बसतो आणि कार्बन मोनॉक्साइडचा वास येत नाही. दिवे २४ व्होल्टचे, विजेच्या पंपाला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच). उतरणाऱ्याला पूर्ण अंगाचा हार्नेस, वर तिपाई आणि विंच, आणि विंचवरचा माणूस तिथून हलणार नाही असा. खाली कुणी कोसळला तर दोरीने वर ओढायचा. त्याला आणायला दुसऱ्याने उडी टाकली की दोन जण जातात. अनेक अपघातांत हेच झालेलं असतं.

उपसा हळू करा

कंत्राटदार मोठा पंप आणतो आणि संध्याकाळपर्यंत विहीर कोरडी करून दाखवतो. विहिरी इथेच ढासळतात. आतलं पाणी भिंतीला आतून आधार देत असतं. ते एकदम काढलं, तर भिंतीमागच्या ओल्या मातीतलं पाणी तितक्या वेगाने निथळत नाही आणि त्याचा सगळा दाब भिंतीवर येतो. काळ्या मातीच्या थरात हा धोका सगळ्यात मोठा, कारण तिच्यातून पाणी फार सावकाश निघतं.

दिवसाला अर्धा ते एक मीटर एवढीच पातळी उतरवा. ६ मीटर व्यासात एक मीटर म्हणजे सुमारे २८,००० लिटर, वर झऱ्यांचं येणारं वेगळं. १-२ अश्वशक्तीचा पंप थांबत थांबत चालवला की पुरतो. रोज सकाळी पीओपीच्या पट्ट्या आणि ओळंब्याची मापं पाहा. फरक पडला की पंप बंद, विहीर पुन्हा भरू द्या, इंजिनिअरला बोलवा.

पाणी पावसाळी नालीत सोडायचं की कुठे, हे झोनला विचारून ठरवा. शेवटचं काळं पाणी गाळातच मोजावं आणि टँकरने न्यावं. जुन्या विहिरींत कासवं असू शकतात. त्यांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. पकडून तलावात सोडणं आपलं काम नाही. उपसा सुरू करण्याआधीच वन विभागाला कळवा. सेमिनरी हिल्सला वन विभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर (वन्यप्राण्यांवरच्या उपचारांचं केंद्र) आहे.

गाळ

वरचा थर प्लास्टिक, नारळ, तसबिरी, काच आणि पीओपीच्या मूर्तींचा. तो हाताने, जाड हातमोजे घालून, वेगळा काढा. काच आणि सुया असतात, म्हणून गमबूट लागतातच. त्याखाली काळा चिखल, आणि त्याखाली दगडगोटे किंवा मुरूम लागला की सावध व्हा. तिथे मूळ तळ आहे.

तळापेक्षा खाली खणू नका. "अजून दोन फूट मारू, पाणी वाढेल" ही सूचना प्रत्येक कामावर कुणीतरी करतंच. पश्चिम नागपुरात काळ्या पाषाणावर भिंत टेकलेली असेल तर निभावतं, पण जिथे कातळ खोल आहे तिथे जुनी बांधणी लाकडी कड्यावर उभी असते. पाण्याखाली हवा न मिळाल्याने ते लाकूड शंभर वर्षंही टिकतं. त्याच्या खालची माती हलवली की अख्खं बांधकाम खचतं. लाकूड दिसलं तर ते उघडं ठेवू नका, वाळू देऊ नका.

नाणी, मूर्ती, भांडी सापडली तर काम थांबवून पंचनामा करा. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची अशी वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना कळवावीच लागते. काळा गाळ खत म्हणून बागेत टाकायची घाई नको; त्यात सांडपाणी आणि मूर्तींच्या रंगांतले जड धातू असू शकतात. तपासणी होईपर्यंत ताडपत्रीवर वाळत ठेवा.

भिंत आणि चुना

पहिला प्रश्न: भिंत चुन्यात बांधलेली आहे की कोरडी? घडीव दगड एकावर एक नेमके बसवलेले असतील आणि सांध्यांत मसाल्याचा मागमूस नसेल, तर ती कोरडी रचाई आहे. तिच्यात दरजा भरायच्याच नाहीत. सुटलेले दगड दगडी चिपांनी पाचर मारून घट्ट करायचे, बस्स.

चुन्यातली असेल तर चुन्यानेच दुरुस्त करायची. सिमेंटची दरज कडक आणि पाणीबंद असते. भिंतीतली ओल सांध्यातून बाहेर पडायची ती दगडातून पडू लागते, क्षार दगडाच्या तोंडाशी साचतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. मऊ वालुकाश्म आणि विटांचं नुकसान आधी दिसतं, काळ्या दगडाचं उशिरा. आणि झरे बुजतात ते वेगळंच. आधीच्या कुणी केलेलं सिमेंट प्लास्टर जिथे पोकळ वाजतं तिथे छन्नीने काढा. जिथे ते दगडासकट निघतं, तिथे राहू द्या. जाळी मारून सिमेंट फवारण्याचा सल्ला कुणी दिला तर त्याला विहिरीचं काम देऊ नका.

चुना महिनाभर आधी विझवायला घ्या. कळीचा चुना पाण्यात टाकायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही. उकळी येते आणि अंगावर उडते. चष्मा, हातमोजे आणि शेजारी स्वच्छ पाण्याची बादली ठेवा. चुन्याच्या दुप्पट-तिप्पट पाणी, सतत ढवळणं, मग ३ मिलिमीटरच्या चाळणीतून गाळून टाक्यात, वर चार बोटं पाणी राखून मुरवायचा. पंधरा दिवस ही किमान मुदत, महिना बरा. न विझलेले खडे आत राहिले तर ते भिंतीत सहा महिन्यांनी विझतात, आणि दरजेवर फोड येऊन टिकली उडते.

प्रमाण, मापाने:

वरच्या, कोरड्या भागाला १ भाग मुरलेला चुना, १ भाग सुरकी (विटांची पूड), २ भाग रेती.
पाणी चढउतार होणाऱ्या पट्ट्याला १ भाग चुना, दीड भाग सुरकी, दीड भाग रेती.

साधा चुना हवेने घट्ट होतो; सतत ओल्या जागी तो मऊच राहतो. सुरकी त्याला ओलीतही पकड देते, म्हणून ती खालच्या पट्ट्यात वाढवायची. सुरकी कमी भाजलेल्या विटांची हवी. जास्त भाजलेल्या, काळपट विटांची पूड नुसती रेतीसारखी वागते. रेती कन्हानची, धुतलेली, रॉयल्टीची पावती असलेली. बरणीत अर्धी रेती आणि पाणी घालून हलवा आणि तासभर ठेवा. वरचा मातीचा थर रेतीच्या विसाव्या भागापेक्षा जाड असेल तर पुन्हा धुवा. मसाला चुन्याच्या घाण्यात किंवा मिक्सरमध्ये चांगला घोटून घ्या. फावड्याने चार वेळा उलथलेला मसाला पांढऱ्या गाठी ठेवतो.

गूळ, हिरडा, बेलफळ यांबद्दल बरंच बोललं जातं. गुळाचं आणि हिरड्याचं आंबवलेलं पाणी मसाल्याला कामाजोगा करतं, पण कच्चा चुना आणि मातकट रेती यांची उणीव ते भरून काढत नाही. वापरायचं असेल तर तेच पाणी घालून ३० × ३० सेंटीमीटरचे नमुने विहिरीतच करून २८ दिवस पाहा आणि मग ठरवा.

किती लागेल? भिंतीचं क्षेत्र ३.१४ × ६ × ८ = १५१ चौरस मीटर. दगड सरासरी ४५ × ३० सेंटीमीटरचे धरले तर एका चौरस मीटरमध्ये साडेपाच मीटर सांधे. ते १५ मिलिमीटर रुंद आणि ४० मिलिमीटर खोल भरायचे म्हणजे सगळ्या भिंतीला अर्धा घनमीटर. सांडलवंड धरून ०.६५ घनमीटर. त्याला सुमारे २२० लिटर मुरलेला चुना, तितकीच सुरकी आणि ४४० लिटर रेती. एवढा चुना मुरवायला १०० ते ११० किलो कळी पुरते, पण न भाजलेले खडे निघतात म्हणून १५० किलो घ्या.

काम असं: सांधे छन्नी-हातोडीने, रुंदीच्या किमान दुप्पट खोल, मोकळे करा. ग्राइंडर लावू नका, दगडाच्या कडा खातो. भिंतीत मुद्दाम ठेवलेल्या पाझरछिद्रांत आणि जिथून झरा येतो तिथे बोटाएवढ्या बांबूच्या काड्या खोचून ठेवा. गवंड्याला सांगून भागत नाही: दिवसभर दरजा भरणारा हात सहाव्या तासाला छिद्रही भरून टाकतो, काडी असली की थांबतो. सांधा ब्रशने झाडा, पाण्याने भिजवा, पाणी चमकत नसेल पण दगड ओला असेल तेव्हा मसाला पातळ करणीने आत दाबा. खोल सांधा दोन-तीन थरांत भरा. दगडाच्या तोंडापेक्षा २-३ मिलिमीटर आतच थांबा, दगडावर पसरू नका. चुना बोट दाबल्यावर ठसा उमटेल पण बोटाला चिकटणार नाही इतका आवळला की ताठ ब्रशने ठोकून घ्या. त्याने पृष्ठभाग उघडा राहतो आणि बारीक तडे मिटतात. मग ओलं गोणपाट आणि वर हिरवी जाळी, किमान १४ दिवस. काड्या सर्वांत शेवटी काढा आणि प्रत्येक छिद्रातून पाणी येतं का ते पाहा.

फुगलेली भिंत, मुळं

फुगवटा दाबून मागे जात नाही. त्या भागाचे दगड वरून खाली, एकेक करून, मागच्या बाजूला क्रमांक घालून उतरवावे लागतात आणि शेजारच्या भागाला टेकू द्यावे लागतात. हे पाथरवटाचं काम आहे, साध्या गवंड्याचं नाही. परत रचताना मागची पोकळी काळ्या मातीने भरू नका. पावसाळ्यात ती फुगून तीच भिंत पुन्हा ढकलते. दगडाची खडी आणि मुरूम भरा. पायऱ्या किंवा तुळईचे तुकडे सांधायला लोखंडी सळई नको, स्टेनलेस स्टीलच हवी.

पिंपळाची रोपं ओढून काढू नका, दगड घेऊन येतात. लहान रोप बुंध्याशी कापा आणि दर महिन्याला फूट खुडत राहा. पाण्याजवळ तणनाशक नको. मनगटापेक्षा जाड मूळ भिंतीत शिरलं असेल तर तेवढा भाग उतरवून मूळ तुकड्यातुकड्याने काढणं हाच टिकणारा उपाय.

पाणी तपासा, सांडपाणी शोधा

गाळ काढल्यानंतर दोन आठवड्यांनी आणि मग पावसाळ्यानंतर नमुने द्या. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या किंवा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून ई-कोलाय, नायट्रेट, फ्लोराइड, क्लोराइड, कठीणपणा आणि एकूण विरघळलेले क्षार तपासून घ्या. पिण्यासाठीच्या भारतीय मानकात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम, फ्लोराइडची १ (पर्याय नसेल तर १.५), क्षारांची ५०० (पर्याय नसेल तर २,०००) आहे.

नायट्रेट आणि क्लोराइड दोन्ही शेजारच्या बोअरपेक्षा बरेच जास्त निघाले तर गटार झिरपतं आहे असं समजा. १५ मीटरच्या आतले सगळे चेंबर आणि सेप्टिक टाक्या नकाशावर मांडा. एकेका चेंबरमध्ये फ्लुरोसीन रंग सोडा आणि विहिरीत हिरवट झाक येते का ते दोन-तीन दिवस पाहा. वाहिनी सापडली की ती बदलून घ्यायचा अर्ज या पुराव्यासह करा. ब्लीचिंग पावडर जंतू मारते, नायट्रेट तसंच राहतं.

नियमित निर्जंतुकीकरणाला १,००० लिटरला अडीच ग्रॅम चांगली, ३३ टक्के क्लोरीनची पावडर. विहिरीत ३ मीटर पाणी असेल तर ८५,००० लिटर, म्हणजे सुमारे २१० ग्रॅम. बादलीत लगदा करा, पाणी घाला, पांढरा गाळ खाली बसू द्या आणि वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीतून खाली सोडून वरखाली हलवा. रात्री टाका, तासाभरानंतर क्लोरोस्कोपने (पाण्यातलं क्लोरीन मोजायचं साधन) लिटरला अर्धा मिलिग्रॅम क्लोरीन दिसलं पाहिजे. उघड्या पाकिटातली, ढेकळं झालेली पावडर निम्मी ताकद गमावून बसलेली असते.

किती उपसता येईल

मेच्या शेवटी संध्याकाळी पातळी दीड-दोन मीटर उतरवा, पंप बंद करा आणि सकाळपर्यंत दर तासाला पातळी लिहा. १ सेंटीमीटर म्हणजे सुमारे २८० लिटर. तळाशी व्यास कमी असेल तर तिथलं माप घ्या. दहा तासांत ५० सेंटीमीटर चढली तर १४,००० लिटर, तासाला १,४००. पातळी वर येईल तसा वेग मंदावतो, म्हणून २४ ने गुणून मिळालेला आकडा पूर्ण धरू नका. त्याच्या दोन-तृतीयांशपेक्षा कमीच उपसा ठरवा आणि तो पंपघरात रंगवून लिहा.

काठावरचा मोनोब्लॉक पंप ७ मीटरपेक्षा खालचं पाणी खेचत नाही. या विहिरीला ओपनवेल सबमर्सिबल, म्हणजे पाण्यात बुडवून ठेवायचा पंप, लागेल. तो तळापासून किमान ६० सेंटीमीटर वर टांगा आणि पाणी संपल्यावर आपोआप बंद होणारी यंत्रणा बसवा. त्याचं आऊटलेट भिंतीच्या दगडांना बांधू नका, काठावर वेगळ्या खांबाला बांधा. पंपाची थरथर चुन्याच्या ताज्या दरजा सैल करते.

पावसाचं पाणी

नागपुरात वर्षाला साधारण १,१०० मिलिमीटर पाऊस पडतो. देवळाचं किंवा समाजभवनाचं १०० चौरस मीटर छत असेल तर, पाचवा भाग वाया धरून, ८८,००० लिटर मिळतात. पहिल्या दोन-तीन सरी बाहेर सोडणारा झडप-पाइप, मग मीटरभर लांबी-रुंदीचा गाळणीचा हौद: खाली दगडगोटे, वर खडी, वर रेती. गाळून निघालेलं पाणी पाइपने विहिरीतल्या पाण्याच्या पातळीखाली सोडा. वरून धार पडली तर ती रोज एकाच दगडाच्या सांध्यावर आपटते. रस्त्याचं, पार्किंगचं पाणी आत घेऊ नका, त्यात तेल आणि कुत्र्या-गुरांची घाण असते.

कठडा, जाळी, देखभाल

कठडा १ मीटर उंच, बाहेरच्या बाजूला पाणी ओतणारी उतरती फरशी. जाळीची फट १०० मिलिमीटरपेक्षा मोठी नको. तिच्यावर बारीक नायलॉनची जाळी, म्हणजे पानं आणि कबुतरं बाहेर राहतात. जाळी गॅल्वनाइज केलेली आणि एका बाजूला ७५ × ७५ सेंटीमीटरचं कुलूपबंद झाकण. त्याच्या दोन किल्ल्या दोन घरांत ठेवा, तिसरी झोनकडे द्या. पायऱ्यांना दार हवं, पण आतलं दिसेल असं. जी विहीर दिसत नाही तिथे कचरा पडतो.

डासांच्या अळ्यांसाठी गप्पी मासे आरोग्य विभागाकडून घ्या. गणेशोत्सव आणि नवरात्राच्या आधी काठाशी निर्माल्य कलश ठेवा आणि रोज उचला. एक दिवस तो भरून वाहिला की लोक पुन्हा जाळीकडे वळतात.

वहीत दर आठवड्याला पातळी, दर महिन्याला पंपाचे तास, जून आणि नोव्हेंबरमध्ये ओळंब्याची आठ मापं. चुन्याच्या दरजा दोन पावसाळ्यांनंतर पुन्हा तपासा. शंभरात पाच-दहा ठिकाणी त्या सुटलेल्या असतातच. त्यासाठी मुरलेल्या चुन्याचा एक डबा, वर पाणी ठेवून आणि झाकण घट्ट लावून, पंपघरात राखा. हवा लागली नाही तर तो वर्षानुवर्षं वापरता येतो.